डबा की डाळ-गोश्त? स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनचा घरगुती हिशोब

मागच्या हिवाळ्यात पालक सभा संपल्यावर एका विद्यार्थ्याच्या अम्मी वर्गात थांबून राहिल्या. त्यांचे शौहर गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला आहेत, त्या स्वतः घरी पिको-फॉलचे काम करतात. मुलगा अकरावीत. पर्समधून त्यांनी एक पावती काढून आमच्यासमोर ठेवली. प्रोटीन पावडरचा एक किलोचा डबा, साडेतीन हजार रुपये. म्हणाल्या, "सर, आमचा महिन्याचा किराणा याच्यापेक्षा थोडाच जास्त होतो. जिमवाले म्हणतात हे घ्यावंच लागेल. नाही घेतलं तर पोरगा कमजोर राहील का?"

त्या दिवशी आम्ही फळ्यावर त्यांना हिशोब मांडून दाखवला. नंतर हाच प्रश्न मोमिनपुरा, हंसापुरी, गोळीबार चौक, सगळीकडच्या पालकांकडून आला. गल्लीगल्लीत जिम झाल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. मुले नशेपासून आणि मोबाईलपासून दोन घटका दूर राहतात. पण जिमच्या फीबरोबर डब्याचा खर्च घरात येतो, आणि तो कुणाच्या ताटातून कापला जातो हे कुणी विचारत नाही. म्हणून तो फळ्यावरचा हिशोब आम्ही इथे सविस्तर लिहीत आहोत. लेख जपून ठेवा, किराणा भरताना उपयोगी पडेल.

स्नायू बनतो कसा?

प्रोटीन म्हणजे प्रथिने. आपण खाल्लेले प्रोटीन पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. शरीराला अशी वीस अमिनो आम्ले लागतात. त्यातली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. घर बांधताना जशा विटा, तशी ही अमिनो आम्ले.

पण नुसत्या विटा आणून टाकल्याने घर उभे राहत नाही, गवंडी लागतो. इथे गवंड्याचे काम व्यायाम करतो. वजन उचलल्यावर, दंड-बैठका काढल्यावर स्नायूंना इशारा मिळतो की अजून ताकद हवी. मग पुढचा दीड-दोन दिवस शरीर प्रोटीन वापरून ते स्नायू दुरुस्त आणि मजबूत करते. या दुरुस्तीसाठी झोपही लागते. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहणाऱ्या मुलाने कितीही पावडर प्यायली तरी फायदा अर्धवटच होणार.

अजून एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. पोटभर रोटी-भात मिळत नसेल तर शरीर महागडे प्रोटीनसुद्धा इंधन म्हणून जाळून टाकते. त्यामुळे "रोटी बंद, फक्त प्रोटीन" हा सल्ला वाढत्या वयाच्या सडपातळ मुलांसाठी चुकीचा आहे.

रोज किती प्रोटीन लागते?

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही आयसीएमआरची संस्था आहे. भारतीयांसाठी खाण्यापिण्याची प्रमाणे तीच ठरवते. २०२० च्या प्रमाणानुसार साधे काम करणाऱ्या निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी साधारण ५५ ग्रॅम आणि मुलींसाठी ४६ ग्रॅम हा आकडा दिलेला आहे. गरोदर स्त्रीला चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्तीचे लागते. बाळाला पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने सुमारे १७ ग्रॅम जास्त लागते.

नियमित वजन उचलणाऱ्याला अर्थातच जास्त लागते. यावर २०१८ मध्ये ४९ वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवले तर स्नायू वाढायला मदत होते, त्यापुढे सरासरी फायदा दिसत नाही. म्हणून जिमला जाणाऱ्या मुलासाठी दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हा हिशोब धरावा. ६० किलोच्या मुलाला ७२ ते ९६ ग्रॅम. जिममध्ये "दोनशे ग्रॅम तरी पाहिजे" असे कुणी सांगत असेल तर त्याने हा आकडा कुठून आणला हे विचारा. जास्तीचे प्रोटीन स्नायूत साठत नाही. ते इंधन म्हणून जळते, किंवा खाणे एकूणच जास्त असेल तर चरबी वाढते.

आपल्या बाजारात कशात किती?

खालचे आकडे सरासरी आहेत, थोडे इकडे-तिकडे होऊ शकतात. मांस, मासे, डाळी आणि सोया वडी यांचे वजन कच्चे, शिजवण्याआधीचे धरले आहे.

- कोंबडीचे मांस, हाडाविना, १०० ग्रॅम: २० ते २२ ग्रॅम
- बकऱ्याचे किंवा म्हशीचे मांस, हाडाविना, १०० ग्रॅम: सुमारे २० ग्रॅम
- रोहू, कतला मासा, १०० ग्रॅम: १७ ते १९ ग्रॅम
- एक अंडे: ६ ग्रॅम
- दूध, २०० मिलिलिटरचा एक ग्लास: ७ ग्रॅम
- दही, एक वाटी: ४ ते ५ ग्रॅम
- पनीर, १०० ग्रॅम: १८ ते १९ ग्रॅम
- तूर, मूग, मसूर, चणा डाळ, १०० ग्रॅम: २१ ते २४ ग्रॅम
- फुटाणे, १०० ग्रॅम: सुमारे २० ग्रॅम
- शेंगदाणे, १०० ग्रॅम: २४ ग्रॅम
- सोया वडी, कोरडी, १०० ग्रॅम: सुमारे ५० ग्रॅम
- गव्हाची एक मध्यम रोटी: ३ ग्रॅम
- तांदूळ, १०० ग्रॅम: सुमारे ८ ग्रॅम
- खजूर, १०० ग्रॅम: सुमारे २ ग्रॅम
- एक केळे: १ ग्रॅम

शेवटच्या दोन ओळी मुद्दाम टाकल्या. खजूर आणि केळे उत्तम अन्न आहे, व्यायामाला लगेच शक्ती देते, पण त्यातून प्रोटीन जवळजवळ मिळत नाही. "केळ्याचा मिल्कशेक प्यायला" म्हणजे प्रोटीन घेतले असे समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यात जे काही प्रोटीन आहे ते दुधाचे आहे.

रुपयाचा हिशोब

आता फळ्यावरचे गणित. भाव दर आठवड्याला बदलतात, म्हणून आम्ही "समजा" म्हणून भाव धरतो. तुम्ही इतवारी किंवा मस्कासाथला आज मिळालेला भाव टाकून हाच हिशोब करा. पद्धत सोपी आहे: एका किलोची किंमत भागिले त्या किलोतले प्रोटीन, म्हणजे एक ग्रॅम प्रोटीनला किती पैसे पडले ते कळते.

- सोया वडी १५० रुपये किलो, प्रोटीन ५०० ग्रॅम: ग्रॅमला ३० पैसे
- फुटाणे १२० रुपये किलो, प्रोटीन २०० ग्रॅम: ग्रॅमला ६० पैसे
- अंडे ७ रुपये, प्रोटीन ६ ग्रॅम: ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत
- हाडासकट कोंबडी २४० रुपये किलो, हाडे वजा जाता प्रोटीन साधारण १४० ग्रॅम: ग्रॅमला पावणेदोन रुपयांच्या आसपास
- दूध ६० रुपये लिटर, प्रोटीन ३३ ग्रॅम: ग्रॅमला १ रुपया ८० पैसे
- डबा ३५०० रुपये किलो, प्रोटीन साधारण ७५० ग्रॅम: ग्रॅमला साडेचार रुपयांहून जास्त

डाळी-कडधान्यातले प्रोटीन अंड्या-मांसापेक्षा थोडे कमी पचते, म्हणून ते सव्वापट धरावे. तरीही फुटाण्याचा ग्रॅम रुपयाच्या आतच राहतो. हे गणित पाहून त्या अम्मींनी एकच प्रश्न विचारला होता: "मग जिमवाले हे का नाही सांगत?" फुटाणे विकून जिमला काही सुटत नाही, एवढेच उत्तर आमच्याकडे होते.

हंडीत अर्धा किलो गोश्त, खाणारे सहा

आपल्या घरांमध्ये एक समज पक्का आहे: "आम्ही तर गोश्त खाणारे लोक, आम्हाला प्रोटीनची काय कमी?" याचाही हिशोब करून पाहू. हाडासकट अर्धा किलो मटण आणले. हाडे गेली की मांस उरते साधारण साडेतीनशे ग्रॅम. त्यात प्रोटीन ७० ग्रॅम. घरात सहा माणसे असतील तर प्रत्येकाला १२ ग्रॅमही पूर्ण येत नाही. म्हणजे दोन अंड्यांएवढे. त्यात बटाटे घालून शोरबा वाढवला की ताट भरलेले दिसते, प्रोटीन तेवढेच राहते. आणि ज्याला शोरबा-आलूच मिळाला त्याच्या वाट्याला तेही नाही.

म्हणून गोश्तच्या दिवशीही बाजूला डाळ किंवा दही असू द्यावे. आपल्याकडचे दालचा आणि डाळ-गोश्त हे पदार्थ या दृष्टीने फार शहाणे आहेत. खिचडा तर विचारूच नका. गहू, जव, तीन-चार डाळी आणि गोश्त एकाच देगेत. धान्यात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात, खिचडी, आणि आपल्या विदर्भाचा गोळाभात, या सगळ्यांत हीच जोडी आहे. सकाळी तर्री-पोहा खाणाऱ्यांनी तर्रीतले चणे जास्त मागून घ्यावेत, तेल वरचेवर काढून ठेवावे. पाटोडी-रस्सा बेसनाचा असल्यामुळे त्यातही प्रोटीन चांगले असते. सावजी रस्सा चविष्ट खरा, पण तेल-मसाला जास्त म्हणून रोजचा नको.

मोठ्याच्या गोश्तबद्दल अनेक जण विचारतात. महाराष्ट्रात गायीबरोबरच २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. म्हशीवर्गीय जनावरांना ती बंदी लागू नाही. परवानाधारक दुकानातून आणलेले म्हशीचे मांस प्रोटीनमध्ये मटणाच्या बरोबरीचे असते, त्यात चरबी साधारणपणे कमी असते आणि लोह चांगले असते.

पाया, यखनी आणि कलेजी

"हाडे मजबूत करायची तर पाया पी" हे आपण सगळ्यांनी दादी-नानीकडून ऐकले आहे. पाया थंडीत छानच लागतो. पण त्याचा चिकटपणा ज्या प्रोटीनमुळे येतो ते कोलॅजन आहे, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. त्यामुळे स्नायू बनवण्यासाठी पाया अंड्याची किंवा डाळीची जागा घेऊ शकत नाही. चवीसाठी खावा, ताकदीचा हिशोब त्यावर लावू नये.

यखनीचेही तसेच. गोश्त उकळून पाणी आजाऱ्याला देतो आणि बोट्या बाजूला काढतो. बहुतेक प्रोटीन त्या बोट्यांत राहते. आजाऱ्याला चावता येत नसेल तर बोट्या बारीक करून यखनीत घाला.

कलेजीत प्रोटीन, लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. आठवड्यातून एकदा थोडी खाल्ली तर चांगली. गरोदर स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण अ जीवनसत्त्व फार झाले तर गर्भाला अपाय होऊ शकतो.

पहिलवानांची खुराक

घरातले बुजुर्ग लगेच पहिलवानांची उदाहरणे देतात. १९१० मध्ये लंडन गाजवणारा गामा पहिलवान, १९८० चे महाराष्ट्र केसरी इस्माईल शेख, २००२ चे मुन्नालाल शेख. आपल्या विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाची परंपरा चालवत आहे. तालमीची खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप. त्यात दूध आणि बदामातून प्रोटीन येते, तूप फक्त शक्ती म्हणजे कॅलरी देते. रोज पहाटेपासून तासन्‌तास मेहनत करणाऱ्याला तेवढ्या कॅलरी लागतातच. आपला मुलगा तासभर जिम करून दिवसभर क्लासमध्ये बसतो. त्याने तीच खुराक घेतली तर पोट सुटेल. पहिलवानांकडून घ्यायचे असेल तर त्यांची वेळेवर झोपण्या-उठण्याची सवय घ्यावी.

एका दिवसाचे ताट

प्रोटीन एकाच वेळी भरपूर खाण्यापेक्षा तीन-चार वेळांत वाटून घ्यावे. एका जेवणात २० ते ३० ग्रॅम मिळाले तर चांगले. ६० किलोच्या, जिमला जाणाऱ्या मुलासाठी एक साधा दिवस असा:

- सकाळी: दोन उकडलेली अंडी, दोन रोट्या, एक ग्लास दूध. एकूण २५ ग्रॅम.
- मधल्या सुट्टीत: एक मूठ फुटाणे आणि थोडे शेंगदाणे, मिळून ५० ग्रॅम. एकूण ११ ग्रॅम.
- दुपारी: तीन रोट्या, एक वाटी घट्ट डाळ, भाजी, एक वाटी दही. एकूण २० ग्रॅम.
- रात्री: हाडाविना १०० ग्रॅम चिकन किंवा गोश्त, थोडा भात, एक रोटी. एकूण २८ ग्रॅम.

बेरीज ८४ ग्रॅम. म्हणजे दर किलोमागे १.४ ग्रॅम, तेही डब्याशिवाय. गोश्त नसेल त्या दिवशी ३० ग्रॅम सोया वडीचा सालन करा, त्यातून १५ ग्रॅम मिळते. सोया वडी गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या, वास जातो. मग खिम्यासारखी बारीक करून मटारसोबत परतली की मुले ओळखतसुद्धा नाहीत.

डाळीबाबत एक सूचना. "घट्ट डाळ" म्हणजे एका माणसामागे कच्ची डाळ ३० ग्रॅम, साधारण दोन मोठे चमचे भरून. पातळ पाण्यासारख्या वरणात हे गणित बसत नाही.

विदर्भात लाखोळीची डाळ पिकते. तिच्यात प्रोटीन इतर डाळींपेक्षा जास्त असते, म्हणून कुणी तिची शिफारस करतात. पण तिच्यात नसांना अपाय करणारा एक घटक असतो. ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. याच कारणाने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. प्रोटीनसाठी रोजच्या खाण्यात ती आणू नये. स्वस्त सुट्या बेसनात तिची भेसळ होऊ शकते, म्हणून बेसन ओळखीच्या चक्कीवर दळून घेतलेले बरे.

रमजानमध्ये काय करावे?

रोजाच्या महिन्यात स्नायू गळून जातील अशी भीती तरुणांना वाटते. दिवसभराचे प्रोटीन आणि कॅलरी इफ्तार ते सहरीच्या वेळेत पूर्ण झाल्या तर फार फरक पडत नाही. अडचण अशी की मोमिनपुऱ्याच्या रमजान बाजारात जे समोर दिसते त्यात तळलेले जास्त असते.

सहरीत फक्त चहा-फेणी घेऊ नका. दोन अंडी, रोटी, दही किंवा रात्रीचे डाळ-गोश्त घ्या. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग भिजवलेल्या चण्यांची चाट. मगरिबनंतर पूर्ण जेवण. तरावीहनंतर एक ग्लास दूध किंवा मूठभर फुटाणे. असे केले तर ७० ते ८० ग्रॅम सहज होते. घरी बनवलेला, कमी तुपाचा हलीम हे या महिन्यातले उत्तम प्रोटीन आहे.

व्यायाम तरावीहनंतर करावा, किंवा इफ्तारच्या आधी अर्धा तास हलका. भर दुपारी, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात, रोजा ठेवून जड वजने उचलू नयेत. रात्री पाणी थोडे-थोडे करत पीत राहावे.

डबा घ्यायचाच असेल तर

व्हे पावडर हे विष नाही आणि जादूही नाही. चीज बनवताना दुधातून जे पाणी वेगळे होते त्यातले प्रोटीन सुकवून ती पावडर बनते. एका चमच्यात, म्हणजे जिमवाल्यांच्या स्कूपमध्ये, २० ते २५ ग्रॅम प्रोटीन येते. स्पर्धेत उतरणारा खेळाडू, प्रवासात राहणारा किंवा डॉक्टरांनी सांगितलेला रुग्ण याला ती सोयीची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मात्र सामान्य लोकांनी स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असाच सल्ला दिला आहे.

२०२४ मध्येच केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्के पावडरींमध्ये लेबलवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. काहींत बुरशीचे विष आणि कीटकनाशकाचे अंशही आढळले. म्हणून घ्यायचाच असेल तर इतके पाहा:

- एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक डब्यावर आहे का? बिल मिळते का? सुटी, पिशवीत भरून दिलेली पावडर कधीच घेऊ नये.
- हिरवा ठिपका आहे का? जिलेटिनच्या कॅप्सूल जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतात, त्यात डुकराचे जिलेटिनही असू शकते. कॅप्सूल किंवा कोलॅजन घेताना हिरवा ठिपका किंवा हलाल प्रमाणपत्राचे चिन्ह पाहा. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.
- साखर किती आहे? "मास गेनर" नावाच्या डब्यात प्रोटीन कमी आणि साखर-पीठ जास्त असते. त्यापेक्षा दूध, केळे आणि शेंगदाणे स्वस्त पडतात.

आणि एका गोष्टीवर घरात स्पष्ट बोलावे. काही ठिकाणी मुलांना "कोर्स" म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात. ही बहुधा स्टेरॉईड असतात. त्यांचा पावडरशी काही संबंध नाही. यामुळे शरीरातले नैसर्गिक हार्मोन बंद पडतात, हृदय आणि यकृताला इजा होते, पुढे मूल होण्यात अडचण येते, आणि वाढीच्या वयात घेतली तर उंचीही खुंटते. मुलाचे शरीर दोन महिन्यांत अचानक फुगले, चेहऱ्या-पाठीवर फोड आले, चिडचिड वाढली, तर रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा आणि डॉक्टरकडे न्या.

मुली, माता आणि बुजुर्ग

आता ज्या गोष्टीसाठी आम्हाला हा लेख लिहावासा वाटला ती. मधल्या सुट्टीत आम्ही वर्गात डबे पाहतो. मुलाच्या डब्यात अंड्याचा रोल असतो. त्याच घरातल्या बहिणीच्या डब्यात रोटी आणि लोणचे. घरी ताटे वाढताना बोट्या आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, अम्मी शेवटी बसतात आणि शोरबा-रोटी खातात. यात कुणाची वाईट नियत नसते, सवयच तशी पडली आहे.

पण स्नायू फक्त दंडावर दाखवायला नसतो. मुलीच्या अंगात वाढीच्या वयात प्रोटीन गेले नाही तर त्याची किंमत पुढे बाळंतपणात मोजावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. ती लोहाच्या उणिवेशी जास्त जोडलेली आहे, पण अंडी, गोश्त, डाळ हे पदार्थ ताटातून कमी झाले की प्रोटीन आणि लोह दोन्ही एकदमच कमी होतात.

बुजुर्गांचे तर कुणी बोलतच नाही. पन्नाशीनंतर दरवर्षी थोडा-थोडा स्नायू कमी होतो. दादी सजद्यातून उठताना हात टेकू लागतात, मग खुर्चीवर नमाज सुरू होते. आपण म्हणतो गुडघे गेले. गुडघे असतातच, पण अनेकदा मांडीचा स्नायूही गेलेला असतो. दात नाहीत म्हणून त्या चहात रोटी बुडवून खातात आणि दिवसभरात प्रोटीन वीस-पंचवीस ग्रॅमही होत नाही. निरोगी बुजुर्गांना तरुणांपेक्षा थोडे जास्तच लागते, दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. त्यांना मऊ अंडे, दही, मुगाची खिचडी, बारीक खिमा द्या. आणि दिवसातून दोन वेळा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठ-बस करायला लावा, शेजारी उभे राहून.

नेहमीचे प्रश्न

*कच्ची अंडी जास्त ताकद देतात का?* नाही. शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९० टक्के प्रोटीन पचते, कच्च्यातले जेमतेम अर्धे. शिवाय कच्च्यातून पोटाचा संसर्ग होऊ शकतो.

*पिवळा बलक फेकावा का?* निरोगी मुलांनी फेकू नये. जवळपास निम्मे प्रोटीन आणि बहुतेक जीवनसत्त्वे त्यातच असतात. कोलेस्टेरॉलचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचे ऐकावे.

*प्रोटीनने किडनी खराब होते का?* निरोगी माणसाची वर सांगितलेल्या प्रमाणात होत नाही. पण किडनीचा आजार असेल, जुनी शुगर किंवा बीपी असेल, युरिक ॲसिड वाढलेले असेल, तर प्रोटीन वाढवण्याआधी रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

*बकरी ईदला आठवडाभर गोश्तच खाल्ले तर?* स्नायूत साठत नाही, पोट मात्र बिघडते. घरचा वाटा थोडा-थोडा करून बर्फात ठेवा आणि महिनाभर वापरा.

त्या अम्मींच्या घरी डबा एकदाच आला, तो संपला आणि दुसरा आणला नाही. त्या पैशातून आता घरात अंड्यांचे ट्रे येतात, आणि सकाळी फक्त मुलाला नाही तर सगळ्यांना अंडे मिळते, मुलीलाही आणि सासूबाईंनाही. मुलगा अजून जिमला जातो. गेल्या महिन्यात वर्गात बाही वर करून दंड दाखवत होता, तेव्हा आम्ही त्याला एवढेच विचारले, "बहिणीने आज अंडं खाल्लं का?" म्हणाला, "हो सर, माझ्या आधी." अल्लाह सर्वांच्या घरात सेहत आणि बरकत देवो.